शेवरीच्या आडचं ऊन

"आई, साडी!" आम्रपाली ओरडली. मी मशीनवरून उठेपर्यंत वाऱ्यानं आडोशाला बांबूला बांधलेली साडी सोडवून नेलीसुद्धा. घरामागच्या परड्यात माझी पोर उघड्या पाठीनं बाजेवर पालथी, आणि समोर शेजारच्या नानासोंच्या माडीवर त्यांच्या कारभारीण शालनवैनी कुरडया घालत उभ्या. मी धावले आणि हातात होतं ते अर्धं शिवलेलं पोलकंच तिच्या पाठीवर पसरलं.

"काय झालं गं माया?" वैनींनी वरून हाक दिली.

"काय न्हाई वैनी, घामोळं आलंय तिला. जरा वारं घेत हुती."

"मग पावडर देऊ का? ह्यांनी मिल्ट्रीतनं आणल्याली हाय. लय गार पडती."

"असू दे, असू दे!" म्हणत मी पोरीला आत ढकललं. त्यांना काय दिसलं, किती दिसलं, कुणास ठाऊक.

घामोळं कसलं डोंबलाचं! पोरीच्या मानेपासून कमरेपर्यंत पांढरे डाग होते, दंडावरही एक होता. त्या दुखण्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. मिरजेच्या डॉक्टरांनी औषध दिलं होतं. ते लावायचं आणि चढत्या उन्हाकडे पाठ करून रोज बसायचं. औषध लावणं सोपं होतं, ऊन मिळणं अवघड. पुढच्या दाराला रस्ता, घरावर पत्रा, उरलं परडं. पण नानासो रिटायर होऊन कडेगावला आले आणि आमच्या दक्षिणेच्या मोकळ्या जागेपलीकडं त्यांनी माडी चढवली. तेव्हापासून माझ्या परड्यात मांजर शिंकलं तरी त्यांना दिसायचं.

माणसं वाईट नव्हती हो. पण वैनींचं माहेर साताऱ्याचं, आणि आमच्या समाजातली दोन्ही जिल्ह्यांतली निम्मी लग्नं त्यांच्याच मध्यस्थीनं जुळायची. एकदा त्यांच्या तोंडून गोष्ट बाहेर पडली की माझ्या पोरीच्या दारात कुणी पाहुणा फिरकला नसता. मी बायकांची पोलकी शिवते. कुणाची पाठ किती उघडी ठेवायची, किती झाकायची, हा माझा धंदाच. आम्रपालीची पोलकी मी बंद गळ्याची, लांब हातांची शिवायची. जयंतीला विहारापुढं सगळ्या पोरी पांढऱ्या साडीत मोकळ्याढाकळ्या हिंडायच्या, आणि माझी तेवढी भर उन्हाळ्यात कोंडल्यासारखी. मानेवरचा डाग झाकायला ती वेणी नेहमी पाठीवर सैल सोडायची.

त्याच दिवशी मी ठरवलं, आता हिरवी भिंत उभी करायची. हिंदुरावदादा मिरजेकडच्या पानमळ्यात वर्षानुवर्षं राबून आलेले. कारभारणीचं पोलकं न्यायला आले तेव्हा त्यांना गाठलं.

"दादा, कुंपणाला मेंदी लावू का?"

"लाव की. पोरगी नांदायला जाऊन बाळंतपणाला येईस्तवर हुईल कुंपण."

"मग शेर?"

"चीक डोळ्यात गेला म्हंजी? न्हाई न्हाई."

"बांबू?"

"त्यो तुझं घर गिळंल."

"दादा, मग काय माझ्या डोक्यावर उगवू का?"

ते खो खो हसले. "अगं, शेवरीचं बी टोक. आमच्या मळ्यात पानवेलीला तिचाच आधार असतुया. मिरगाला टोकली का नवरात्रापातूर पत्र्याच्या वर. पाणी न्हाई, खत न्हाई, लाड न्हाई. फकस्त शेरडं राख. शेरडाला शेवरी म्हंजी पेढा."

मिरगाला मी दाट ओळ टोकली. वीतभर कोंब आले आणि एका सकाळी शेरडं राखणाऱ्या बिराप्पाच्या कळपानं ओळीच्या ओळ साफ केली. मी बिराप्पाला रस्त्यात उभा करून असा झाडला की त्यानं महिनाभर वाट बदलली. पुन्हा बी आणलं, पुन्हा टोकलं. मशीन ओढून मागच्या दारात मांडलं आणि मांडीशी काठी ठेवून शिवत बसले. आमचे हे कारखान्यातून आले की म्हणायचे, "पोलकी शिवतीस का राखण करतीस?" मी म्हणायची, "दोन्ही. तुमी च्या प्या."

आणि काय सांगू, शेवरी वाढली ती डोळ्यांदेखत! श्रावणात माझ्या कमरेला होती, गणपतीत डोक्यावर गेली, नवरात्रात पिवळ्या फुलांनी भरून पत्र्याच्या वर डुलायला लागली. माडी दिसेनाशी झाली. आम्रपाली बाजेवर बसून पुस्तक वाचायची, गुणगुणायची. एक दिवस औषध लावताना मला डागात तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसले. नवा रंग येत होता. मी दाराआड जाऊन पदरात तोंड घालून रडले.

त्यातच शालनवैनी घरी आल्या. "साताऱ्यात माझ्या भावाचा मेव्हणा हाय. टपालात चिकटलाय, लय गुणाचा. माघात बघाय येत्यात. आम्रपालीचं सांगू का?"

"सांगा की वैनी," मी म्हणाले. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

दिवाळी झाली. ऊन दक्षिणेला कललं, आणि माझ्या ध्यानात आलं नाही की दक्षिणेलाच तर माझी शेवरी. सावली बाजेवर आली. बाज मागे सरकवली, सावली मागे आली. शेवटी बाज भिंतीला टेकली आणि उन्हाची एक चिंधी तेवढी पोरीच्या खांद्यावर उरली. ठिपके होते तिथंच थांबले. मिरजेला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "ऊन नीट घेताय ना? आता खंड पडला तर आलेला रंगही जाईल."

घरी आल्यावर पोर म्हणाली, "आई, शेवरी तोड."

"खुळी हाईस का? माघात पाव्हणं येणार हाईत. तवर दम धर. एकदा लगीन झालं का..."

"झालं का काय? तिथं कुठली शेवरी लावणार हाईस?"

मी तिला नाही नाही ते बोलले. तुझ्यासाठीच मरते म्हणाले, नाक कापायला निघालीस म्हणाले. औषधाची बाटली फळीवर ठेवून ती भांडी घासायला बसली. मी पुन्हा मशीनवर बसले तर टीप काही सरळ पडेना. तिचं बंद गळ्याचं नवं पोलकंच शिवत होते मी.

सकाळी मी कोयता काढला. दगडावर घासला आणि परड्यात गेले. "औषध लाव," एवढंच तिला म्हणाले.

शेवरीचं लाकूड मऊ. एकेका घावात एकेक झाड आडवं व्हायला लागलं. हातानं वाढवलेलं तोडताना डोळे भरून येत होते आणि मी स्वतःलाच शिव्या घालत होते. ओळीत खिंडार पडलं, पलीकडं माडी दिसायला लागली. आवाज ऐकून वैनी कठड्याशी आल्या, हातात तुरीच्या शेंगांचं सूप.

"अगं माया, भरात आल्यालं कुंपण कशापायी तोडतीस?"

मी तोडतच राहिले. मागं बाज करकरली. आम्रपाली ओढणी छातीशी धरून बसली होती, उन्हाकडे पाठ करून. म्हणजे माडीकडे पाठ करून.

वैनींचं सूप हलायचं थांबलं. "पोरीच्या पाठीला काय झालंय गं?"

घामोळं. जिभेवर आलंच होतं. नाहीतर भाजलंय. तेही पाठ करून ठेवलं होतं मी. कोयता खाली टाकला आणि मान वर केली.

"कोड हाय, वैनी," मी म्हणाले. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "मिरजेचं औषध चालू हाय. त्याला ऊन लागतंय."

वैनींनी सूप कमरेशी धरलं.

"साताऱ्याला कळवा. लपवून पोर द्यायची न्हाई मला. यायचं त्यांनी यावं."

वैनी कठड्याशी तशाच उभ्या राहिल्या. खाली पडलेला पाला बघून बिराप्पाची शेरडं परड्याच्या तोंडाशी जमली होती. आज मी काठी उचलली नाही.

आम्रपालीनं वळून पाहिलं नाही. तिनं एक हात मागं नेला, पाठीवरची वेणी उचलली आणि खांद्यावरून पुढं घेतली. तिच्या मानेवर ऊन पडलं.