भाविकची चालती जीप

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, बसूही नये, पण वज्रेश्वरीच्या पलीकडच्या टेकडीवर मी एक जीप चालताना पाहिली आहे. धावताना नव्हे, चालताना. म्हशीसारखी. एक पाय खड्ड्यात, दुसरा धोंड्यावर, आणि पाठ इतकी सपाट की बॉनेटवर ठेवलेला चहा डुचमळला नाही.

शेलार गावात माझ्या गॅरेजपुढच्या बाकड्यावर बसून ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल. त्या सकाळी मात्र ऐकणारा वेगळा होता. मनोज, मेघालीचा मामा. मेघालीसाठी आमच्या गावातल्या पंढरीच्या पोराचं, भाविकचं स्थळ आलं होतं आणि मामा चौकशीला निघाला होता. आमच्याकडे मुलगा कसा आहे हे शेवटी गॅरेजवाल्यालाच विचारतात. गाडी कशी वापरतो यावरून माणूस कळतो म्हणे.

"मिस्त्री, घर पसंत हाय, पोरगा पसंत हाय," मामा म्हणाला. "एकच अडतंय. गेल्या वर्षी मानकोलीला हायवेवर त्यानं जीप उलटी केली. आईचा पाय मोडला, पार्वतीबाई अजून लंगडतात. पोरगा बेफाम चालवतो का? तुम्ही सांगाल तेच मी घरी सांगणार."

याचं खरं उत्तर एका वाक्याचं होतं. मी सुरुवात म्हशीपासून केली.

शेजारच्या शेडमध्ये कोंडू एका गेटाला वेल्डिंग मारत होता. वीस वर्षांचा शेजार आमचा. माझ्या गोष्टी त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

"गाडीच्या पुढच्या दोन चाकांना एक वाकडा दांडा बांधून ठेवतो," मी मामाला हातानं दाखवलं. "स्टेबलायझर म्हणतात. रस्त्यावर वळणात तो गाडीला कुशीवर पडू देत न्हाय. पण डोंगरात तोच नडतो. एक चाक खड्ड्यात उतरायला बघतं, तर दुसरं त्याला वर ओढतं. मग काय करायचं? दांडा चाकांशी जोडणाऱ्या दोन बाजूंच्या दोन लिंका सोडायच्या, दांडा तारेनं वर बांधायचा. चाकं मोकळी. मग गाडी चालत न्हाय, खेकड्यासारखी चढते."

"आत्ता म्हैस होती," मामा म्हणाला.

"चढताना खेकडा, उतरताना म्हैस. भाविकनं एक चाक तर आंब्याच्या बुंध्यावर चढवलं. चाकानं दोन आंबे पाडले, मनोजशेठ. मी खाल्ले."

"मागच्या आठवड्यात तीन होते," कोंडू मास्क न काढता म्हणाला. "आणि टेकडीवर आंबा कुठाय, सगळा साग हाय."

मामा हसला. मीही हसलो. त्या हसण्याच्या आडोशाला आणखी थोडा वेळ बसता आलं असतं तर बरं झालं असतं.

"पण डोंगर उतरल्यावर त्या लिंका परत जोडायच्या ना?" मामानं विचारलं.

दर वेळी गोष्ट इथे आली की मी एक तर बकरी आणतो नाही तर वानर आणतो, आणि मानकोलीच्या वळणावरून पटकन पुढे निघून जातो.

झालं होतं ते असं. टेकडीवरून परत आल्यावर भाविकनं जीप माझ्या दारात उभी केली आणि थोड्या वेळानं म्हणाला, "काका, लिंका जोडून देता?" तेव्हा माझ्यापुढे चौघे बसलेले, गोष्ट रंगात आलेली, आणि त्या दोन्ही लिंका माझ्याच हातात. जीपचे पाय म्हणून मी त्या नाचवून दाखवत होतो. मी म्हटलं, "जा रे घरी, गावातल्या गावात काय होतंय. उद्या जोडू." पोरगा गेला. काका म्हणतात तर ते बरोबरच असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतीबाईंना मानकोलीला हळदीला सोडायला निघाला. पुढच्या कंटेनरनं ब्रेक मारला, यानं स्टिअरिंग फिरवलं, आणि जीप सरळ कुशीवर. वेग रिक्षावाल्याचा असेल.

हॉस्पिटलात मी मोसंबी घेऊन गेलो. पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "वेग जास्त होता रे तुझा." त्यानं खाली मान घालून हो म्हटलं. लिंका त्याच्या लक्षातही आल्या नाहीत, कारण काहीच होत नाही असं मीच त्याला सांगितलं होतं. तेव्हापासून त्यानं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. गोडाऊनला ड्युटीवर कंपनीच्या बसनं जातो. माझ्या दारावरून जाताना रोज हात करतो. मी स्पॅनर शोधतो.

हे सगळं मामाला सांगायचं होतं. निघालं ते वेगळंच.

"आमच्या धंद्यात एक रिवाज हाय," मी म्हणालो. "सोडलेला माल चिंधीत बांधून स्टिअरिंगला टांगायचा. चिंधी डोळ्यांपुढे लोंबली की चालवणारा विसरत न्हाय. मी दोन्ही लिंका चिंधीत बांधून टांगल्या. म्हटलं, हे जोडल्याशिवाय हायवेला जायचं न्हाय. आता तरणं पोर, त्याला काय बोलणार? पण मनानं चांगला हाय हो."

शेवटचं वाक्य मी स्थळ जमावं म्हणून जोडलं होतं. मामाचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे चिंधी डोळ्यांपुढे होती, तुम्ही सांगितलेलं, आणि तरी आईला बसवून हायवेला घेतली," तो म्हणाला. "पोरगा चुकतो ते समजतं मिस्त्री. पण सांगितलेलं ऐकत न्हाय, त्याच्या हातात आमची पोर कशी द्यायची?" त्यानं हेल्मेट उचललं. "बरं झालं तुम्हाला विचारलं."

बोलायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं.

"फोनपण केला होता मी त्याला," मी म्हणालो. "सकाळी. दोनदा."

शेजारचं वेल्डिंग थांबलं. कोंडू मास्क वर करून बाहेर आला आणि मामाच्या गाडीपुढे उभा राहून माझ्याकडे वळला.

"फोन न्हाय केला आणि चिंधी पण न्हाय बांधली," तो म्हणाला. "दादा, आंबे किती पण पाड, मी हसंन. पण पोरगा लिंका जोडून मागत होता आणि तू त्याला घरी धाडलास. त्या चौघांत मी बसलो होतो."