मनकर्णाबाईचा फोटो

"डोये उघडे पायजेत, शालिकरामभाऊ. माहा बा झोपला हाय असं नाई दिसाले पायजे."

स्टुडिओच्या बाकावर बसून रुपराव बोलत होता. नागपूरच्या लकडगंजात त्याची लाकूड कापायची आरामशीन होती. बाप जाऊन दोनच दिवस झाले होते, डोकं अजून तुळतुळीत होतं आणि तो सारखा त्यावरून हात फिरवत होता.

शालिकराम वैरागड्यांनी हातातला ओला फोटो उजेडात धरला. "कसे होते गा डोये, काये का भुरे?"

"कायेच. पन हासरे."

"मढ्याचं हासू मले नाई आनता येत. डोये उघडून देतो. माळ घातली का हासल्यासारखे दिसतेच."

त्या काळी लकडगंजात कोणी म्हातारं माणूस गेलं की तिरडीचं सामान आणायला एक जण धावे आणि शालिकरामला बोलवायला दुसरा. म्हातारी माणसं जन्मात कधी फोटोला बसलेली नसत. मग गेल्यावर त्यांना भिंतीला टेकवून बसवायचं, डोक्यावर टोपी नाहीतर पदर नीट करायचा आणि समोर शालिकरामने आपला तीन पायांचा लाकडी कॅमेरा मांडायचा. पुढचं काम स्टुडिओत. बारीक टोकाची पेन्सिल आणि दोन केसांचा ब्रश घेऊन तो फोटोतल्या मिटल्या पापण्यांवर डोळे काढी. पूर्व नागपुरातल्या निम्म्या भिंतींवरून जे आजे-पणजे माळा घालून बघत, ते शालिकरामच्या डोळ्यांनी बघत. खरं सांगायचं तर त्यातल्या पुष्कळांचे डोळे एकसारखेच होते. पण तक्रार कोणी केली नाही. मुलं फोटो हातात घेत, "बा पाहून राहिला" म्हणत आणि हुंदका देत. शालिकराम तेवढ्यापुरता आत निघून जाई.

आत मागच्या पडवीत मनकर्णा फोटो धुऊन दोरीवर वाळत घाली. त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्याकडे ते काम होतं. सगळ्या शहराचे फोटो तिच्या हातून गेले आणि तिचा स्वतःचा फोटो होता एकच, लग्नातला. शालिकरामचे उस्ताद रामाजी यांनी याच लाकडी कॅमेऱ्यावर काढलेला. "वर पाह्य पोरी, वर पाह्य," असं रामाजी म्हणत राहिले आणि पोरगी मान खाली घालून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्या फोटोत भांग आहे, नथ आहे, चेहरा म्हणावा तर नाही.

त्यानंतर शालिकरामने तिला बसवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण डोक्यावर काळं कापड घेऊन तो कॅमेऱ्यामागे शिरला की ती खांबासारखी ताठ होई, आणि कापडातून बाहेर येऊन त्याने "हालू नको वं" म्हटलं की हमखास डोळे मिटून घेई. लाकडी कॅमेऱ्याचं एक होतं. फोटो निघतो त्या क्षणी फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या बाजूला मोकळा उभा असतो आणि समोरच्याकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघत असतो. डोळे मिटले हे त्याला तिथंच कळे. "गेली फिल्म," तो म्हणे.

"जाऊ द्या," ती म्हणे. "मेलेल्याईचे फोटो धुऊन राहिले मी रोज. माहा काहाले पायजे आत्ताच?"

मुलगा गिरिधर कुवेतला वेल्डिंगच्या कामावर होता. त्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला तो बापासाठी कॅमेरा घेऊनच. जपानी, काळाभोर, हातात मावेल एवढा. शालिकरामने तो सोनाराने दुसऱ्याच्या हातचा दागिना बघावा तसा उलटसुलट करून बघितला.

"याचं कापड कुठी हाय?"

"कापड नाई लागत बाबा. इथून पाहा. जे दिसन तेच निंगते."

शालिकरामने डोळा लावला. लाकडी कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली आणि पाय वर. सगळा जन्म त्याने गिऱ्हाइकं उलटीच पाहिली होती. आणि इथे मनकर्णा सुलटी, पडवीत उभी, दोरीवर फोटो लावते आहे. त्याने बटण दाबलं आणि दचकून कॅमेरा खाली घेतला.

"अंधार झाला ना गा."

"आतमंधी आरसा हाय. फोटो निंगताना तो वर जाते. तेवढ्यापुरतं दिसत नाई."

"म्हंजे ज्या टायमाले फोटो निंगते, त्याच टायमाले फोटोग्राफर आंधया?"

"एवढासा टाइम बाबा. पापनी हालाच्या आत होऊन जाते. धावता घोडा पकडते हा."

"आमच्या लाकडीले घोडा थांबवून घ्या लागते," शालिकराम म्हणाला, "पन त्याले घोडा दिसते तरी." असं म्हणाला खरा, पण दिवसभर तो कॅमेरा त्याने खाली ठेवला नाही. सून पुष्पलता तोंडाला पदर लावून हसत होती.

गिरिधर परत जाण्याच्या आदल्या दिवशी मनकर्णाने लांब रोट्या करायला घेतल्या. लेकाला त्या फार आवडत. मागच्या अंगणात चुलीवर मडकं पालथं घातलं होतं. तिंबून तिंबून पातळ केलेली कणीक ती हातावर घेई, या हातावरून त्या हातावर झुलवी, आणि बघता बघता रोटी मनगटावरून कोपरापर्यंत पसरे, अशी पातळ की पलीकडचं ऊन दिसावं. मग एका झोक्यात ती मडक्यावर पडे. हे सगळं इतकं भराभर चाले की लाकडी कॅमेऱ्यावर त्याचा नुसता धूर आला असता. शालिकराम दारात उभा राहून बघत होता. मग एकदम आत वळला.

"गिरिधर, तो रंगीत रोल आन."

"आना, मी भरून देतो."

"तू मले रोल भराले शिकवशीन? तू जन्मला नोता तवापासून भरून राहिलो मी."

ते खोटं नव्हतं. बाहेरच्या लग्नांसाठी त्याच्याकडे एक डबा कॅमेरा होता. त्याच्या रोलला मागून कागद असतो. कागदाचं टोक खाचेत अडकवायचं, झाकण लावायचं आणि फिरवायचं. मागच्या लाल काचेत आकडा आला की फिल्म जागेवर बसली. आकडा कागदावरच छापलेला, तेव्हा त्यात चूक व्हायला जागाच नाही. शालिकरामने याही फिल्मचं टोक खाचेत अडकवलं, झाकण लावलं, फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढला. वरच्या बारीक खिडकीत एकचा आकडा आला. तो निर्धास्त झाला.

मग तो चुलीसमोर उकिडवा बसला आणि सुटलाच. रोटी हातावर, रोटी हवेत, धुरानं बारीक झालेले डोळे, गालाला लागलेली कणीक. मनकर्णाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खदखदून हसली.

"अवो, तुमचं कापड कुठी हाय डोक्यावर? मले काय मालूम तुमी फोटो काढून राहिले म्हनून."

"रोट्या कर तू."

ती हसत राहिली आणि करत राहिली. ताठ झाली नाही, डोळे मिटले की नाही हे मात्र त्याला कळत नव्हतं, कारण दर वेळी नेमका अंधार होत होता. पण अंधाराच्या अलीकडे ती हसत होती आणि पलीकडेही हसत होती. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे एवढं बघितलं नव्हतं. शहरभरच्या माणसांकडे बघता बघता घरातलं माणूस बघायचं राहूनच गेलं, असं त्याला वाटलं आणि लाज वाटली.

रोल संपायला हवा होता तरी संपेना. छत्तीसचा आकडा गेला, तरी खटका सरकतच होता.

"जास्तीचे बी देते वं हा," शालिकराम खुशीत म्हणाला. "तुह्यासारखाच हाय. मोजून वाढत नाई."

मनकर्णाला ते बोलणं इतकं आवडलं की तिने पहिली गरम रोटी लेकाच्या आधी त्याच्या हातावर ठेवली.

रंगीत रोल तेव्हा नागपुरात धुऊन मिळत नसे. शालिकरामने तो नीट गुंडाळून मुंबईला पाठवला. गिरिधर कुवेतला गेला. मनकर्णा चार दिवसांनी एकदा तरी विचारी, "आले का वं माह्ये फोटो, पुष्पलता?" आणि वर म्हणे, "काळीभोर दिसत असन मी, चुलीपुढं." फोटोची वाट बघणारी मनकर्णा घरात कोणी कधी पाहिली नव्हती.

फोटो यायच्या आधी ती गेली. सकाळी नळावर पाणी भरत होती, छातीत कळ आली म्हणाली, पडवीत भिंतीला टेकून बसली आणि पुष्पलता पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. वर दोरीवर कोणाच्या तरी बारशाचे फोटो वाळत होते.

रुपराव धावत आला. गिरिधरला कुवेतहून इतक्यात येता येणार नव्हतं, म्हणून सगळी तयारी त्यानेच केली. तिरडी अंगणात आली तेव्हा तो शालिकरामजवळ उकिडवा बसला.

"भाऊ, फोटो काढाचा ना? कॅमेरा आनू का मांडून? तुमी निसतं बटन दाबा."

मनकर्णा भिंतीला टेकलेलीच होती. शालिकरामने शेकडो घरांत माणसं अशीच बसवून घेतली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नोको गा. तिचे जित्तेपनीचे फोटो हायेत माह्याजवळ. हासते हाय त्याच्यात. मढ्याचा काहाले काढू?"

"लय झालं मंग," रुपराव म्हणाला. लोकांनाही बरं वाटलं. निदान हिच्या नशिबी पेन्सिलीचे डोळे नाहीत, असं बायका आपसांत बोलल्या. शालिकरामने लाकडी कॅमेऱ्यावर काळं कापड टाकलं आणि लोक तिला घेऊन गेले.

तेरवीच्या आधी मुंबईहून पाकीट आलं. पुष्पलता कोनाडा पुसून, हार आणून तयार होती. शालिकराम पाकीट घेऊन स्टुडिओत गेला आणि दार लोटून घेतलं. आत फोटो नव्हते. नुसती गुंडाळलेली फिल्म होती. त्याने ती खिडकीपाशी धरली. संत्र्याच्या सालीच्या रंगाची पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी. ना मडकं, ना हात, ना ती.

त्याने पट्टी उलटून पुन्हा उजेडात धरली. मग त्याने जपानी कॅमेरा फळीवरून खाली घेतला, मागचं झाकण उघडलं, पट्टीचं टोक त्या दिवशीसारखंच खाचेत अडकवलं आणि झाकण न लावताच खटका ओढला. टोक खाचेतून अलगद सुटलं. फिल्म होती तिथंच राहिली. वरच्या खिडकीत मात्र आकडा पुढे सरकला. त्याने पुन्हा ओढला. आकडा पुन्हा सरकला. हा आकडा फिल्मवरचा नव्हताच, नुसता खटका मोजत होता. गिरिधरने दोन मिनिटांत दाखवलं असतं. शालिकराम स्टूलवर बसला आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन रडला.

पुष्पलताने दार ढकललं. "मामाजी, आत्याबाईचा फोटो?"

त्याने नुसती पट्टी दाखवली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सासऱ्याच्या तोंडाकडे बघून तिने दार पुन्हा लोटून घेतलं.

शेवटी लग्नातला तोच फोटो बाहेर काढावा लागला. त्याच्यावरून त्याने तिचा एकटीचा मोठा फोटो केला, धुतला, आणि वाळत घालायला पडवीत गेला तेव्हा दोरी रिकामी होती. संध्याकाळी दिव्याखाली पेन्सिल, ब्रश सगळं मांडून बसला. रुपराव शेजारी येऊन बसला.

"खालीच पाहून राहिली वहिनी," तो म्हणाला. "वर घ्या ना डोये भाऊ. पुऱ्या लकडगंजचे डोये तुमी उघडले. घरचे उघडाले काय लागते?"

शालिकरामने पेन्सिलीला टोक केलं. फोटोवर वाकला. मनगट टेकवलं. मग तसाच थांबला.

"लोकाईचे डोये मले मालूम नोते रुपराव," तो म्हणाला, "म्हनून काढता येत होते. कसेबी काढले तरी चालत होते. हिचे मालूम हायेत ना गा."

त्याने पेन्सिल डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं.

तेरवीला फोटो कोनाड्यात लागला. भांग, नथ आणि खाली घातलेली मान. आलेलं माणूस हात जोडी, आणि चेहरा नीट दिसत नाही म्हणून थोडं वाकून खालून बघे. रुपराव वाकला, शेजारच्या बायका वाकल्या. शालिकराम दारापाशी सतरंजीवर बसून ते बघत होता. सगळे गेल्यावर तो उठला, फोटोसमोर गेला आणि तोही वाकला.

"वर पाह्य वं," तो हळूच म्हणाला.