डबल बेल

साहेबराव क्लासात आले ते चपला हातात घेऊनच. भोरच्या एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर मायाचा कॉम्प्युटर क्लास आहे आणि चपला बाहेर काढाव्यात अशी तिथं पाटी आहे. पण बाहेर काढलेली चप्पल परत त्याच जागी सापडेल, यावर एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाचा विश्वास कसा बसावा? त्यांनी चपला खुर्चीखाली सारल्या, खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि नखाएवढं मेमरी कार्ड टेबलावर ठेवलं.

"जय भीम, पोरी. फोन मेला," ते म्हणाले. "ह्ये तेवढं वाचलंय."

"जय भीम, तात्या. काय आहे यात?"

साहेबरावांनी दाराकडे बघितलं. दुपारची वेळ, पोरं जेवायला गेलेली. तरीही त्यांनी आवाज खाली आणला. "तुझी नानी हाय."

मायाचं माहेर भाटघरचंच, साहेबरावांच्या घरापासून दोन घरं सोडून. त्यामुळे तिला फार सांगावं लागलं नाही. नानी म्हणजे सगुणाबाई, साहेबरावांची बायको. वस्तीत कुणाच्याही घरी बारसं असलं की पाळणा सगुणाबाईंनी म्हणायचा, हे ठरलेलं होतं. माया स्वतः त्याच आवाजात पाळण्यात पडली होती. गेल्या वर्षी सगुणाबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता येत्या रविवारी त्यांच्याच नातीचं, मुलाच्या म्हणजे अभिषेकच्या धाकटीचं बारसं होतं.

"थोरलीच्या बारशाला मला रजा गावली न्हवती," साहेबराव सांगू लागले. "वेल्ह्याकडं मुक्कामी गाडी हुती माझी. तिनं फोन लावून पाळन्यापाशी धरला आन् सगळा पाळणा मला ऐकवला. तिकडं कुठं रेंज? म्या गाडीच्या टपावर चढून बसलो हुतो. अभिषेकनं त्या फोनात कायतरी करून ठेवलेलं, बोललेलं समदं आपोआप टेप व्हायाचं. त्यो पाळणा ह्यात असनार. रईवारी तिच्याच आवाजात लावायचा हाय. घरात कुनाला सांगू नगंस."

एवढंच मागणं होतं. मायाला वाटलं, दहा मिनिटांचं काम. तिनं कार्ड मशीनला लावलं, फोल्डर उघडायला गेली आणि मशीननं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. साहेबरावांनी ते चक्र मोठ्या आदरानं बघितलं. चहा आला, चहा झाला, कप परत गेले, चक्र फिरतंच होतं.

मग तिनं मशीनवरच्या खिडक्या सगळ्या बंद केल्या आणि काळा पडदा उघडला. क्लासातली पोरं या काळ्या पडद्याला भितात, कारण तिथं चित्रं नाहीत, बाण नाही, टिचकी मारायला काही नाही. जे पाहिजे ते लिहून मागायचं. मायाला मात्र तोच आवडायचा. तिनं आधी मोजायला सांगितलं. मशीननं जरा विचार केला आणि आकडा दिला: अडुसष्ट हजार चारशे बारा.

"एवढे फोन केलेत तुम्ही?"

"सर्विस हुती माझी," साहेबराव म्हणाले. त्यात थोडा अभिमान होता.

तिनं फायली कार्डावरून मशीनवर हलवायचा हुकूम लिहिला. सगळ्या फायलींसाठी एक फुली टाकली की झालं, पुस्तकात तरी तसंच आहे. मशीननं फटकन उत्तर दिलं की यादी फार लांब आहे, जमणार नाही.

"काय म्हनतंय?"

"तात्या, ती एक फुली टाकली की अडुसष्ट हजार नावं एकाच ओळीत लिहून पुढं जातात. एवढी लांब ओळ ते घेत नाही."

"बराबर हाय त्याचं. अख्खी जत्रा एका गाडीत कशी बसंल? ट्रिपा कराव्या लागत्यात."

मायाला हसू आलं, कारण करायचं तेच होतं. तिनं 'फाइंड' नावाच्या शोधायच्या हुकुमाला कामाला लावलं. नावं शोधत जा, गाडीत मावतील तेवढी भर, नेऊन सोड, परत ये. आणि त्याच नावाची फाईल तिथं आधीच असेल तर तिच्यावर दुसरी टाकू नकोस, अशी सूचनाही जोडली. नाहीतर हलवाहलवीत एक आवाज दुसऱ्याच्या खाली गाडला जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. काळ्या पडद्यावर काहीच दिसेना. साहेबरावांनी विचारलं, बंद पडलं का? ती म्हणाली, नाही, मुकाट्यानं करतंय. हे त्यांना पटलं. घरी त्यांना त्याची सवय झाली होती.

प्रत्येक फाईलच्या नावात ज्याच्याशी बोलणं झालं त्याचं फोनातलं नाव होतं. म्हणजे नावाप्रमाणे ढीग लावले की काम सोपं.

"नानीचा नंबर काय नावानं होता फोनात?"

साहेबराव समोरच्या भिंतीवरचा की-बोर्डाचा तक्ता वाचू लागले. "असंल कायतरी. मोहसीननं घातली हुती समदी नावं. मला कुठं टायपिंग येतंय?"

मोहसीन हा त्यांचा कंडक्टर, भोरचाच. एकोणीस वर्षं दोघांची जोडी होती. मायाला वाटलं, तात्यांना खरंच आठवत नसेल. तिनं 'सगुणा' शोधलं. शून्य. 'नानी', शून्य. 'घर' शोधलं तर गावातला गवंडी निघाला. 'अभिषेकची आई' शून्य.

"मशीन आवाज वळखत न्हाई व्हय?" साहेबराव म्हणाले. "मला तर ती नुसती खाकरली तरी कळायचं."

"नाही ओळखत, तात्या."

आता दुसरी अडचण आली. क्लासाच्या मशीनवर जागा कमी आणि एवढ्या फायलींनी ती भरत आलेली. "डेपोचे फोन ठेवायचेत का?" तिनं विचारलं.

"पुसून टाक. रिटायर मान्साला काय करायच्यात? सुट्टीत बी निवांत बसू दिलं न्हाई त्येंनी."

तिनं कामावरचे वाटले ते सगळे ढीग 'अडगळ' नावाच्या फोल्डरात हलवले. लगेच पुसले नाहीत. पूर्वी कधीतरी एका चुकीच्या फुलीनं तिनं स्वतःच्या आईचे सगळे फोटो घालवले होते, आणि तेव्हापासून तिची रीत ठरलेली होती: आधी हलवायचं, मग ज्याचं आहे त्याला काय काय जाणार ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि त्यानं हो म्हटल्यावरच पुसायचं. पोरं त्या वाचनाला कंटाळायची. तिनं पुसायचा हुकूम लिहून ठेवला, एंटरवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

"कंट्रोल रूम, साडेतीन हजार. वर्कशॉप, अकराशे. टायरवाला, दोनशे चाळीस. डबल बेल, सहा हजार..."

"थांब."

साहेबराव खुर्चीतून उठले होते. एवढा उंच माणूस, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा.

"ती डेपोची न्हाई," ते म्हणाले. "डबल बेल म्हंजी ती."

मायानं एंटरवरचं बोट अलगद उचललं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.  सहा हजार वेळा बोललेली नानी टायरवाल्याच्या शेजारी अडगळीत बसली होती, आणि आपण तिला तिथं बसवलं होतं.

मग साहेबरावांनी सांगितलं, अर्धं भिंतीकडं बघत, अर्धं चपलांकडं. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, म्हणून सगुणाबाई मिस कॉल द्यायच्या. मोहसीन फोन सांभाळायचा. एकदाच रिंग वाजली की थांबा, काहीतरी निघालंय, पुढच्या स्टँडवर उतरून फोन करा. दोनदा वाजली की सगळं ठीक आहे, चालू द्या. कंडक्टरच्या घंटीचा तोच तर नियम. पहिल्याच आठवड्यात मोहसीननं ओळखलं आणि हसत हसत तेच नाव घालून टाकलं.

"बायकोचं नाव आमी कवा तोंडानं घेतलं न्हाई. मोहसीननं ह्ये घातलं तवा मला बी बरं वाटलं. पर तुज्यासारख्या लेकीम्होरं कसं सांगायचं?" ते थांबले. "आता आवाज गेल्यापासनं घरात बी तेच चालतंय. म्या जास्ती तिखट घ्याया लागलो की पळीनं ताटावर एकदा मारती. दोनदा मारलं की मग व्हय."

 मायानं लिहिलेला हुकूम एकेक अक्षर मागं घेत खोडला. मग 'डबल बेल'चा ढीग अडगळीतून बाहेर काढला, मोजला, परत मोजला. सहा हजार दोनशे सात. एकही कमी नाही. तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं आकारानं उतरती यादी मागवली. सगळी बोलणी मिनिट-दीड मिनिटाची, आणि सगळ्यांत वर एकच लांब होती, बावीस मिनिटांची. तारीख वाचल्याबरोबर साहेबराव पुन्हा खाली बसले.

तिनं ती लावली. आधी वारा, मग बायकांचा गलबला, आणि मग तो आवाज, थोडा जाड, गुळाच्या चहासारखा. *भाटघरच्या पाण्यावर वारा गं थांबला, माझ्या लेकीच्या झोक्याला दोर त्यानं बांधला.* मायाला तो आवाज ऐकून स्वतःच्या लहानपणीचं छपराचं आढं दिसलं. साहेबरावांनी रुमालानं डोळे पुसले, आणि मायानं ती फाईल परत कार्डावर उतरवल्यावर त्याच रुमालात ते पुन्हा बांधायला घेतलं.

रविवारी माया बारशाला गेली. अंगणात मांडव, घरात बायका, मध्ये पाळणा. अभिषेकची बायको वनिता नटून बसलेली. सगुणाबाई पाळण्याच्या उशाशी होत्या, गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला. पाळणा म्हणायची वेळ आली तसा गलबला ओसरला. कुणी कुणाकडं बघेना. वस्तीतल्या एकीनंही सुरुवात केली नाही, कारण सगुणाबाई समोर असताना तसं करायला कुणीच धजेना.

तेवढ्यात साहेबराव बायकांच्या गर्दीतून नवा फोन हातात धरून आत आले आणि फोन पाळण्याच्या कडेला ठेवला.

आवाज सुरू झाला. सगुणाबाईंचा हात दोरीवर होता तिथंच राहिला. वर्षभरात त्यांनी स्वतःला ऐकलं नव्हतं. वनितानं तोंडावर पदर धरला. एक कडवं झालं, दुसरं झालं. मध्येच फोनातल्या सगुणाबाईंनी विचारलं, "ऐकताय न्हवं?" आणि वेल्ह्याच्या वाऱ्यातून साहेबरावांचा आवाज आला, "व्हय, व्हय." बायका ओलसर हसल्या. तिसरं कडवं संपलं आणि फोनातल्या सगुणाबाई म्हणाल्या, "आता तुमी म्हना."

तेवढ्यात खऱ्या सगुणाबाईंनी पाळण्याच्या लाकडावर बोटानं मारलं. एकदा.

साहेबरावांनी ताबडतोब फोन बंद केला.  मायाला वाटलं, चुकलं आपलं. जे गेलं ते असं बाहेर काढून चारचौघांत तिच्यासमोर मांडायला नको होतं. साहेबरावांचा चेहरा तर बघवत नव्हता. आठवडाभर त्यांनी उराशी धरलेली गोष्ट एका टकटकीत संपली होती.

सगुणाबाईंनी फोन उचलला आणि बाजूला, उशीखाली ठेवला. मग नवऱ्याचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली. बारशाला पुरुषानं दोरी धरलेली कुणी पाहिली नव्हती. साहेबराव बघतच राहिले.

"म्या?" ते म्हणाले. "सगळ्यांम्होरं?"

सगुणाबाईंनी लाकडावर मारलं. दोनदा.

एकतीस वर्षांच्या नोकरीत साहेबरावांनी डबल बेल कधी मोडली नव्हती. त्यांनी दोरी ओढली, घसा खाकरला आणि म्हणायला लागले. सुराशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पहिलीच ओळ चढणीला लागलेल्या गाडीसारखी घरघरली आणि थोरली नात खुदकन हसली. दुसऱ्या ओळीत ते अडले. पुढचा शब्द आठवेना, तसं त्यांनी बायकोकडं बघितलं.

माया शेजारीच बसली होती, म्हणून तिला दिसलं. सगुणाबाईंचे ओठ हलत होते, साहेबरावांच्या एक शब्द पुढं. ते ओठांवरून शब्द उचलत होते आणि मोठ्यानं म्हणत होते. धाकटी डोळे मिटायला लागली होती, पण तरीही पाळणा शेवटच्या कडव्यापर्यंत त्या दोघांनी मिळून म्हटला.