सात मिनिटं पुढे

“पासवर्ड चुकतोय तुमचा, बाई,” मदतकक्षातला माणूस तिसऱ्यांदा म्हणाला.

“चुकत नाहीये. मघाशी तुम्हीच नवा दिलात ना? तोही चालत नाहीये.”

“मग टाइप नीट करा. बाकी अख्ख्या जिल्ह्यात चालतंय.”

समोर पडद्यावर सामायिक फोल्डरचं नाव दिसत होतं. त्यावर क्लिक केलं की तेच ते: परवानगी नाही. वायर काढून लावून झाली, पत्ता हाताने टाइप करून झाला, यंत्र दोनदा बंद-चालू झालं. रीपेन साहेबांच्या खोलीतल्या यंत्रावरही तीच रड. रविवारी जिल्ह्याने नवा सर्व्हर बसवला आणि सोमवारी आमचं कार्यालय आंधळं झालं.

“ऐका,” मी म्हटलं. “मी दफनभूमीतून बोलतेय. जागेच्या भाड्याची मुदत संपलेल्या थडग्यांचे दगड काढायला दहा वाजता क्रेन येणार आहे. शुक्रवारी नऊ जणांनी मुदत वाढवून घेतली. ती नऊ नावं त्या फोल्डरमध्ये आहेत. तुम्ही तिथून उघडा आणि मला वाचून दाखवा.”

“दुसऱ्यांचं फोल्डर उघडायची मुभा नाही मला. खासगी माहिती असते.”

“मेलेल्यांची?”

“मुदत वाढवणारे जिवंत असतात ना, बाई. तक्रार नोंदवतो. चार तासांत कुणीतरी फोन करेल.”

मी फोन ठेवला. आपटला म्हटलं तरी चालेल.

कागद असते तर प्रश्नच नव्हता. पण उन्हाळ्यापासून कागद ठेवायचा नाही असा फतवा निघालेला. फॉर्म स्कॅन करायचा, फोल्डरमध्ये टाकायचा आणि कागद कुलूपबंद पेटीत. शुक्रवारी दुपारी गाडी येऊन पेटी नेते आणि त्याचा भुगा करते. हे पुढारलेपण.

रीपेन साहेब गुरुवारची छापील यादी हातात घेऊन आले. बत्तीस दगड.

“ही द्या हाउकेला आणि मोकळ्या व्हा.”

“ह्यात शुक्रवारचे नऊ आहेत, साहेब. त्यांना हात लावायचा नाहीये.”

“मग सांगा की कुठले नऊ.”

इथेच तर घोडं अडलं होतं. मला सहा आठवत होते. एक जण टेबलावर मूठ आपटून गेला होता, एक बाई रडली होती, एका जावयाने वकिलाचं नाव काढलं होतं, दोघी बहिणी माझ्यासमोरच भांडल्या होत्या, एकाने फोनवर अर्धा तास खाल्ला होता आणि एकाचं कुत्रं हीटरवर मुतलं होतं. उरलेले तिघे दारावरच्या टपालपेटीत फॉर्म टाकून गेले असावेत. ज्यांनी मला त्रास दिला नाही, नेमके तेच मी विसरले होते.

“क्रेन बारापर्यंतच आहे,” साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. “दोनला दफन. तेव्हा आवाज नको. यादीप्रमाणे होऊ द्या.”

हाउके आला. क्रेनवाला, शाळेत माझ्या वर्गातला. दारातूनच नमस्काराचं “मोइन!” ओरडला आणि माझं तोंड बघून थबकला.

“काय गं इंके, कोण गेलं?”

मी सांगितलं. त्याने त्या सहा थडग्यांचे आकडे यादीवर खोडले.

“अर्धा तास कॉफी पितो. त्यापुढे माझ्याने होणार नाही. माझ्या मानेवरही कुणीतरी बसलंय.”

अर्धा तास. आमच्या यंत्रांवर लिनक्स ही नवी प्रणाली आली तेव्हा बाकीच्यांनी हात वर केले होते आणि तंत्रज्ञ यंत्राची किल्ली, म्हणजे मुख्य पासवर्ड, माझ्याकडे देऊन गेला होता. मी हे कुठल्या शाळेत शिकले नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून, लोकांनी लोकांना दिलेली उत्तरं वाचत शिकले. मी आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि क्लिक करायचं सोडून सर्व्हरला सरळच विचारलं: दार का उघडत नाहीस? पहिल्यांदा शब्द चुकला. दुसऱ्यांदा दुसरंच काही उत्तर आलं. बाहेर क्रेन सुरू झाल्याचं ऐकू आलं, तेव्हा तिसऱ्यांदा एक ओळ उमटली. दोन्हीकडच्या घड्याळांत फरक फार आहे.

मी भिंतीकडे बघितलं.

आमचं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं. दफनाची घंटा कधीही उशिरा वाजू नये म्हणून, रीपेन साहेबांच्या आधीच्या साहेबांपासून. आणि एका कार्यालयात दोन वेळा नकोत म्हणून दोन्ही यंत्रांची घड्याळंही सात मिनिटं पुढे केलेली. कुणी केली? मीच केली. “हो साहेब” म्हणून केली. जुना सर्व्हर ते चालवून घ्यायचा. नव्याला पाच मिनिटांपलीकडचा फरक चालत नव्हता, आणि पाऊण तास मला पासवर्ड टाइप करायला शिकवणाऱ्या त्या माणसाने ‘तुमच्याकडे किती वाजलेत’ एवढं विचारलं नव्हतं.

वेळ खरी केली. फोल्डर मुकाट्याने उघडलं.

तीन आकडे तळहातावर लिहून मी कोट न घालता धावले. दोन दगड जागेवर होते. तिसरा, चौथ्या भागातला, भंगाराच्या डब्यात पडला होता. पातळ वालुकाश्म. दोन तुकडे.

हाउकेने क्रेन बंद केली. “इंके, अगं मी...”

“तू नाही,” मी म्हटलं. “गप्प बस. तू नाही.”

दगड मोमे केटेल्सनचा होता. चाळीस वर्षं समुद्रबांधाची दारं भरती-ओहोटीला उघडत-मिटत राहिलेला माणूस. मुदत त्याच्या बहिणीने, फ्राउके केटेल्सनने, वाढवली होती. स्कॅनमध्ये खाली, शेरा लिहायच्या जागी, तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: अगदी शेवटच्या दिवशी त्रास देत आहे, क्षमा असावी.

साहेब म्हणाले, “अहवालात ‘तांत्रिक बिघाड’ लिहा.”

“बिघाड नव्हता. यंत्र बरोबर होतं. आपण चुकीचे होतो.”

“आणि ती वेळ परत पुढे करा. घंटा चुकेल.”

“तुमचं मनगटावरचं पुढे करा, साहेब.”

वीस वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. ते खोलीत गेले.

फ्राउकेबाईंना फोन मीच केला. सगळं सांगितलं, घड्याळ कुणी पुढे केलं तेही.

“ओरडा ना माझ्यावर,” मी म्हटलं.

“नावाचा तुकडा आहे का हो?” त्यांनी विचारलं.

होता. मी तो धुऊन, पुसून टेबलावर ठेवला. बुधवारी तीनला या म्हटलं.

बुधवारी माझ्या पडद्यावर तीनला एक मिनिट कमी असताना दार उघडलं. फ्राउकेबाई, ऐंशीच्या पुढच्या, सायकलवर आलेल्या, हातात घडी घातलेलं जुनं ब्लँकेट. तुकडा गुंडाळायला आणलेलं. त्यांनी आधी तुकड्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, भिंतीकडे बघितलं. तिथे तीन वाजून सहा मिनिटं झाली होती.

“उशीर झाला मला,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “तुम्ही खोळंबलात. क्षमा करा हं.”

मी खुर्ची भिंतीपाशी ओढली, तिच्यावर चढले आणि घड्याळ खिळ्यावरून काढलं. भिंतीवर मागे एक गोल राहिला, बाकीच्या रंगापेक्षा पांढरा. फ्राउकेबाई ब्लँकेट छातीशी धरून खाली उभ्या होत्या आणि मी पडू नये म्हणून त्यांनी एका हाताने खुर्ची धरून ठेवली होती.