दोन्ही नळ्या

बंदूक विकून टाकू या, असं मी पुन्हा एकदा म्हटलं आणि या वेळी बाबा लगेच म्हणाले, "विक." जुनी मोडकी छत्री टाकायची म्हटलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस! पण मी खूश झाले. शेवटी माझ्या बडबडीला यश आलं म्हणायचं. आई अर्धांगाने अंथरुणाला खिळल्यापासून बाबा तासन् तास भिंतीकडे बघत बसायचे, आणि समोरच्याच कपाटात बंदूक. त्यांनी फोन उचलायला जरा उशीर केला की मी माझ्या घरून तिकडे धाव घ्यायचे. एकदाची ती घराबाहेर गेली की मी सुटले, एवढंच मला कळत होतं.

"पण कायद्याने विक," बाबा म्हणाले. "ऐऱ्यागैऱ्याला द्यायची नाही."

"मग काय, चौकात उभी राहून ओरडणार आहे का मी?"

गिऱ्हाईक मीच शोधलं. क्लबात नेमबाजी शिकवणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना कोचबाई म्हणायचे. त्यांनी पहिल्याच फोनवर बजावलं, की व्यवहार घरी होणार नाही. बंदुकांच्या अधिकृत दुकानात व्हायचा, दुकानदार दोघांचे परवाने तपासणार, वर कळवणार, मंजुरी आली की मगच बंदूक त्यांच्या हातात. ती मंजुरी काही केल्या येईना. माझं डोकं फिरायची वेळ आली. बाबा तर रोज विचारायचे, "आली का?"

"आतापर्यंत जीव की प्राण होती, आणि आता एवढी घाई?" मी चिडवलं. ते हसले नाहीत.

एकदाची मंजुरी आली. त्या सकाळी बाबांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि बाजूला झाले. "तू घे."

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तूच घे. नळ्या जमिनीकडे. चापाच्या जवळ बोट नेऊ नकोस."

"रिकामी आहे ना?"

"चल, उशीर होतोय," बाबा म्हणाले आणि चपला शोधायला लागले. विचारावं एक आणि यांचं भलतंच. या सवयीपायी आईने जन्मभर कपाळावर हात मारून घेतला.

बंदूक गवसणीत घातली. टॅक्सीत मी ती मांडीवर आडवी ठेवायला गेले, तर बाबा केवढ्याने ओरडले, "खाली! नळ्या खाली!" टॅक्सीवाला दचकला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

दुकान अरुंद होतं, दाराला लोखंडी जाळी, आत तेलाचा वास. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून दोन्ही परवाने नीट वाचले, बाबांची आणि कोचबाईंची सही घेतली. मी बंदूक कोचबाईंपुढे केली. त्यांनी हात मागे घेतला.

"उघडून दाखवल्याशिवाय मी हात लावत नाही."

"अहो, रिकामीच आहे," मी म्हटलं.

"सगळे हेच म्हणतात," दुकानदार म्हणाला. त्याने नळ्यांची तोंडं कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीकडे केली, वरची कळ सरकवली आणि बंदूक मधून वाकवली.

दोन्ही नळ्यांत काडतुसं होती.

दुकानदाराने एक काढलं, मग दुसरं, आणि काउंटरवर उभी करून ठेवली. "काका," तो हळू आवाजात म्हणाला, "ही अशी घेऊन आलात?"

"निघाली ना?" बाबांनी विचारलं. "दोन्ही निघाली ना?"

माझा तोल गेला. "बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? कुणाचा तरी जीव गेला असता! काढून का नाही ठेवलीत?"

"काढायला म्हणून हातात घेतली असती, तर पुढचंही होऊन गेलं असतं. म्हणून भरल्यापासून हातच लावला नाही. म्हटलं, चार माणसांत उघडू दे."

कोचबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. बंदूक त्यांनी घेतली, काडतुसं दुकानदाराने ठेवून घेतली. मला मात्र ती दोन काडतुसंच दिसत होती. घरात माणसंही दोनच. एकाची भीती मी इतके महिने बाळगली होती. दुसरं आईसाठी? माझ्या लुळ्या पडलेल्या आईसाठी? परतीच्या टॅक्सीत मी त्यांच्याजवळ न बसता पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. किळस आली होती मला माझ्या बापाची.

घरी पोचल्या पोचल्या मी आईच्या खोलीत शिरले आणि तिचे गाऊन पिशवीत कोंबायला लागले. तिला आत्ताच्या आत्ता माझ्या घरी न्यायचं होतं.

"गेली?" आईने विचारलं. तिला एकेक शब्द ओढून आणावा लागतो.

"गेली. आणि तूही चल. या माणसाजवळ तुला एक रात्र ठेवणार नाही मी."

"ह्यांना बोलू नकोस." ती बराच वेळ दम घेत राहिली. "मीच मागे लागले होते. सोडवा म्हणून. रोज. मी एकच म्हटलं होतं गं, माझ्यापुरतं. दुसरं त्यांनी आपल्या मनाने घातलं."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. बाहेरच्या खोलीत बाबा आईच्या दुपारच्या गोळ्या मोजून काढत होते, नेहमीसारखे, बाटली उजेडात धरून. मी धावत गेले आणि ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली.

"अगं, तिची वेळ झाली," बाबा म्हणाले.

"मी देते," मी म्हटलं. "आजपासून मीच देणार." त्यांनी झाकणही माझ्या हातावर ठेवलं.