माझ्या कपाळावरचा ‘दादा’

मित्रांनो, मी एक जुनी जर्मन गाडी आहे. ‘जुनी’ हा शब्द ताराचंदभाऊंना अजिबात खपायचा नाही. कारंजा घाडगेला हायवेच्या कडेला त्यांचं गाड्यांचं दुकान आहे, आणि तिथे आम्हा सगळ्यांना ‘वापरलेली’ म्हणायची पद्धत आहे. पण मी जुनीच. माझ्यावर एका माणसाचा हात मोडला आहे आणि माझ्यापायी दुसऱ्याचा पाय गेला आहे. एवढं अंगावर घेतल्यावर स्वतःला तरुण म्हणवून घ्यायची हौस उरत नाही.

माझे सुटे भाग जर्मनीहून खोक्यांत भरून आले आणि जोडणी आपल्या महाराष्ट्रातल्याच एका कारखान्यात झाली. म्हणजे नाव परदेशी, आणि नटबोल्ट आवळणारे हात इथलेच. रंग काळाभोर. माणसं माझ्या चकचकीत दारात वाकून पाहत केस नीट करायची. दार लावलं की बाहेरचा गोंगाट एकदम बंद व्हायचा, याचा मला फार ताठा होता. आतल्या माणसाची किंकाळीही बाहेर जात नाही, हे मला पुढे पहिल्या मालकाकडे कळलं.

मला पहिल्यांदा विकत घेतलं हिंगणघाटच्या चंदनने. त्याचा धंदा वणा नदीतल्या वाळूचा होता. तो परवान्यावर कमी आणि दंडुक्यावर जास्त चालायचा. त्यानं खास मागून माझ्यासाठी 4141 हा नंबर घेतला. इंग्रजी चारचा आकडा जरा वळवून लिहिला की तो ‘द’ दिसतो, एकचा काना होतो, आणि पाटीवर ‘दादा’ वाचता येतं. तुमच्याही गावात अशी एखादी गाडी असेल. मी बाईमाणूस, आणि माझ्या कपाळावर दादा! मला हसू यायचं. हिंगणघाटात मात्र कोणी हसत नसे. मी वळणावर दिसले की पानठेल्यावरच्या गप्पा थांबत आणि माणसं उगाच खिशात काहीतरी शोधू लागत.

तानबा नावाचा एक वयस्क माणूस घाटावर वाळूचा ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं एकदा चंदनला न विचारता एक खेप कोणाच्या तरी घराच्या बांधकामावर टाकली. चंदननं त्याला भरदुपारी घाटावर गाठलं, मानेला धरून माझ्यापाशी आणलं आणि त्याचं तोंड माझ्या बॉनेटवर आपटलं. उन्हानं माझा पत्रा तव्यासारखा तापला होता.

“कोन्या हातानं ट्रॅक्टर चालवते रे तू?” चंदननं विचारलं.

“दादा, चुकलं मायं. पुन्हा नाई होनार.”

“थे नाई विचारलं मी.”

चंदनच्या दोन माणसांनी तानबाचा उजवा हात बॉनेटवर लांब करून धरला आणि चंदननं लोखंडी पाइप घातला. पहिला घाव कोपरावर बसला. दुसरा हाताला लागून माझ्या पत्र्यात रुतला. तिसऱ्याच्या वेळी तानबा ओरडतही नव्हता. हाड फुटल्याचा आवाज तुरीची सुकी काडी मोडल्यासारखा येतो, मित्रांनो. तो मी अजून विसरले नाही. मग चंदननं रुमाल काढून माझ्यावरचं रक्त पुसलं. तानबा खाली वाळूत पडला होता, त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. “गाडीले खड्डा पाडला हरामखोरानं,” एवढंच म्हणाला.

मला त्या माणसाची किळस आली. तरी दुसऱ्या सकाळी त्यानं बटण दाबलं आणि मी मुकाट्यानं सुरू झाले.

पुढे लोकांनी माझ्यावर राग काढायला सुरुवात केली. मागची काच दगडानं फोडली. टायर कापले. एकदा दोघे जण डिझेलचा डबा घेऊन मला पेटवायलाच आले, कुत्री भुंकली म्हणून मी वाचले. चंदनला उमगलं, की आपला चेहरा एकवेळ लोक विसरतील, पण 4141 विसरणार नाहीत. त्यानं मला ताराचंदभाऊंच्या दारात आणून उभं केलं आणि चावी त्यांच्या हातावर ठेवली.

“लवकर काढ इले. दूरच्या मानसाले दे,” तो म्हणाला.

“काऊन, ते मी नाई विचारत,” ताराचंद म्हणाले. न विचारता कळण्याइतका अनुभव त्यांना होता.

त्यांनी बॉनेटच्या खड्ड्यात पुट्टी भरली आणि वरून काळा रंग मारला. डागाळलेल्या सीटवर नवी कव्हरं चढवली. पाटीही नवी, नियमातली बसवली. पण मालक बदलला तरी नंबर गाडीबरोबरच जातो, आणि सरळ आकड्यांतही लोक ‘दादा’च वाचतात.

आम्हा परदेशी गाड्यांचं एक दुखणं आहे. नव्या असताना आमचा भाव आभाळाला भिडलेला असतो, आणि चार वर्षं वापरल्या की धाडकन खाली येतो. नव्या छोट्या गाडीच्या पैशात माझ्यासारखी दारात येते. तळेगावचा अंकुश हाच हिशोब करून आला. घर भाजीपाला पिकवणारं, स्वभाव हसरा, आणि सोबत धाकटी बहीण नलू. नलू त्याला दादा म्हणायची. तिचं ऐकून गल्ली आणि बाजारातल्या भाजीवाल्याही त्याला दादाच म्हणायच्या. नलूची नजर माझ्या पाटीवर गेली आणि ती टाळी वाजवून ओरडली.

“दादा, पाह्य ना! गाडीवर तुयंच नाव लिवलं हाय!”

अंकुश लाजला. मग त्यानं विचारलं, “कोनाची होती, ताराचंदभाऊ?”

“डॉक्टरसाहेबाची. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. बस.”

“मंग इकली काऊन?” नलूनं विचारलं.

“मोठे लोक हायेत बाई. मन भरलं, इकली.”

कागदांवर चंदनचं नाव होतं, तर तेच डॉक्टरसाहेब असं ताराचंदांनी सांगून टाकलं. त्या दुकानातली एकूण एक गाडी डॉक्टरचीच होती. एवढे डॉक्टर जिल्ह्यात असते तर कोणी आजारीच पडलं नसतं. पण अंकुश भला माणूस. बहिणीच्या तोंडचा शब्द गाडीवर आहे, एवढ्यावर त्याचा जीव जडला होता. त्यानं मला घरी आणलं.

तळेगावचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. अंकुश माझ्या डिकीत वांगी, भेंडी आणि सांबार भरून कारंज्याच्या बाजाराला न्यायचा. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आमच्या विदर्भात तिला असंच म्हणतात. “सांबाराले जर्मन गाडी!” म्हणून लोक त्याची टिंगल करत, आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा. नलू शेताच्या पांदणीवर मला चालवायला शिकली. पहिल्याच दिवशी तिनं मला तुरीत घातलं. अंकुश रागावला नाही. मी सुखात होते, आणि मागचं सगळं मागे पडलं असं मला खरोखर वाटू लागलं होतं.

तिकडे हिंगणघाटात तानबाचा मुलगा पियुष लांबच्या खेपांच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, वर्षातले बहुतेक दिवस गावाबाहेर, त्यामुळे चंदनची गाडी त्यानं कधी पाहिली नव्हती. बापाचा हात मोडला तेव्हा तो हैदराबादकडे होता. परत आल्यावर त्यानं बापाला खोदखोदून विचारलं, पण तानबानं मारणाऱ्याचं नाव काही सांगितलं नाही. पोरगं तापट आहे, चंदनच्या अंगावर जाईल आणि मारलं जाईल, ही त्याला भीती. घाटावरची माणसंही तोंड उघडत नव्हती. एक जण तेवढा हळूच बोलून गेला, “काळी जर्मन गाडी. 4141. दादा म्हनते त्याले.” पियुष बापाला रोज आपल्या हातानं घास भरवायचा, आणि या तीन खुणा उराशी धरून हायवेवर गाडी शोधायचा.

बाजाराची सकाळ होती. कारंज्याच्या अलीकडे एका धाब्यावर अंकुश चहाला थांबला. नलू माझ्यातच बसून फोनवर बोलत होती. पियुषचा ट्रक पलीकडेच उभा होता. माझी पाटी पाहून त्यानं हातातला ग्लास तसाच खाली सोडला आणि ट्रकमधून जॅकचा लोखंडी दांडा काढला. त्याचे दोन सोबतीही मागून आले.

“गाडी तुयी काय?” त्यानं अंकुशला विचारलं.

“हो भाऊ.”

“दादा तूच काय?”

अंकुशला वाटलं, बाजारातल्या ओळखीचं कोणी असेल. तो हसला.

“हो ना, मीच दादा. काऊन?”

दांडा त्याच्या गुडघ्यावर बसला. अंकुश माझ्या दाराला धरत खाली घसरला. दुसरा घाव नडगीवर बसला आणि हाड चामडी फाडून बाहेर आलं. सोबत्यांनी माझी समोरची काच फोडली, मग बाजूच्या. काचेचा चुरा नलूच्या अंगावर पडला. ती रक्ताळल्या हातानं दार ढकलून बाहेर आली आणि जीव खाऊन ओरडली, “दादा! दादा! सोडा हो माया दादाले!”

त्या मुलीला काय ठाऊक, मित्रांनो! ती जितक्या वेळा ‘दादा’ म्हणाली, तितक्या वेळा पियुषची खात्री पटत गेली आणि दांडा वर उचलला गेला. घोट्यावर, मांडीवर, पुन्हा नडगीवर. धाब्यावरची माणसं खाटांमागे सरकली. मी ओरडू शकत होते तेवढी ओरडले, माझा भोंगा सारखा वाजत होता, पण हायवेवर भोंग्याकडे कोण लक्ष देतो?

सोबत्यांपैकी एकानं माझ्या डिकीवर घाव घातला. कुलूप तुटलं, झाकण उघडलं, आणि वांगी रस्त्यावर गडगडली. मागोमाग सांबाराच्या जुड्या पडल्या. एक वांगं पियुषच्या पायाशी येऊन थांबलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं डिकीत पाहिलं. ओल्या गोणपाटाखाली आणखी भाजी होती.

“कोन हायेस तू?” त्यानं दांडा खाली करत विचारलं.

“तळेगावचा,” अंकुश कसाबसा म्हणाला. “भाजी इकतो.”

“हिंगनघाटचा नाईस?”

“थे कुठून आलं आता?” नलू किंचाळली. “माया दादा तिकडं कधी गेलताच नाई! आमी आत्ताच घेतली गाडी!”

सोबती पळाले. पियुष पळाला नाही. त्यानं अंगातला शर्ट काढून अंकुशच्या मांडीला करकचून बांधला आणि त्याला उचलून माझ्या मागच्या सीटवर घातलं. नलूनं त्याच्या थोबाडात मारली. त्यानं तोंड चुकवलं नाही. “मले मंग मारजो,” तो म्हणाला. “आत्ता गाडी चालव. मी रक्त दाबून धरतो.”

नलूनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चावी मागितली. काच नसलेल्या माझ्यातून वारा तिच्या डोळ्यांत घुसत होता. मागे तिचा भाऊ कण्हत होता आणि ज्यानं त्याला मारलं तोच त्याचं रक्त थोपवत होता. आधी कारंजा, मग वर्धा. अंकुशचा जीव वाचला, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पियुष दवाखान्यातूनच पोलिसांच्या स्वाधीन झाला.

तपास संपल्यावर मी तळेगावला परतले, तेव्हा एक दिवस तानबा आला. उजवा हात लोंबत होता. घरात जाण्याआधी तो माझ्यापाशी थांबला आणि डाव्या हातानं बॉनेट चाचपू लागला. नलू बाहेर आली.

“इथं माया हात फोडला चंदनानं,” तो म्हणाला. “पोराले नाव नाई सांगतलं मी, बाई. त्याचा जीव वाचावा म्हून. नाव सांगतलं असतं, तं तुया भावाचा पाय राह्यला असता.”

“पन ताराचंद तं डॉक्टरची म्हने.”

“कागदावर चंदनाचंच नाव होतं ना. त्याले ठाऊक नसंन काय?”

तो माझ्यावर डोकं टेकून रडला. नलूला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती. तिनं त्याला पाणी आणून दिलं. अंकुशनं आतून त्याला बोलावलं. त्यानं त्याला आपल्या खाटेवर शेजारी बसवून घेतलं. त्या धाब्यानंतर नलू भावाला दादा म्हणत नाही. हाक मारायची वेळ आली की ती जवळ जाऊन उभी राहते.

आणि मग ताराचंद आले. आधी हळहळले. मग माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “देऊन टाक मले, बाई. काचा टाकतो, डेंटिंग-पेंटिंग करतो. या नंबराले लय गिऱ्हाईक हाय.”

“कोनाले इकसान?”

“दूरच्या मानसाले. तू नोको फिकर करू.”

“काय म्हून इकसान?”

ताराचंद माझा मागचा टायर दाबून पाहू लागले. नलू गोठ्याकडे गेली आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आली. ती दोन्ही हातांनी वर उचलून तिनं माझ्या बॉनेटवर घातली. पुट्टीचा खपला उडाला आणि ताराचंदांच्या चपलेपाशी पडला. आतला जुना खड्डा उघडा झाला, त्यात अजून पाइपाची धार उमटलेली होती. तिनं दुसरा घाव घातला, तेव्हा पत्र्याला भोक पडलं.

“पाह्य,” ती धापा टाकत म्हणाली, “ही तुयी डॉक्टरची गाडी! निंग इथून!”

ताराचंद आल्या पावली गेले. मला घाव लागला, मित्रांनो, पण मला खोटं बोलायला लावणारी ती पुट्टी निघाली याचं समाधान मोठं होतं. नलूनं माझी नोंदणी रद्द करून घेतली आणि भंगारवाल्याला निरोप धाडला.

माझ्यासारख्या वस्तू आपल्या कहाणीच्या शेवटी ‘आम्हाला जपा’ म्हणून हात जोडतात. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या घरी कधी वापरलेली गाडी आली, तर इंजिन पाहा, टायर पाहा. पण ती जिथे फिरत होती त्या गावातही जा, आणि तिला पाहून लोक हात करायचे की दारं लावून घ्यायचे, हे विचारा. आणि तुम्ही स्वतः गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याला सगळं सांगा. गाडीला तोंड नाही, तुम्हाला आहे. चंदन आजही मोकळा फिरतो, नवी गाडी घेऊन. तानबाचं पोर तुरुंगात आहे आणि अंकुश कुबडीवर शेताच्या बांधापर्यंत जातो. यातलं काहीही मी जुन्या ठिकाणी नेऊन ठेवू शकत नाही. माझ्या हातात एवढंच आहे, की मी आणखी कोणाच्या दारात जाऊन उभी राहू नये.

आज भंगारवाला आला आहे. त्यानं गॅसची नळी जोडली, ज्योत निळी केली आणि नलूला विचारलं, “नंबरची पाटी ठेवता काय ताई, आठवन म्हून? लोक ठेवतात.”

नलूनं ओसरीवर बसलेल्या भावाकडे पाहिलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

“पहिले थेच काप,” ती म्हणाली.