ॲलर्जी: नाही

सिस्टरने भरलेली सिरिंज पुन्हा ट्रेमध्ये ठेवली.

"काय म्हणालात, काका?"

"म्हटलं, हे पेनिसिलिन नाही ना?" बाही वर सारून बसलेला म्हातारा सुतार म्हणाला. "मागे ते घेतलं तेव्हा जिवावर बेतलं होतं. तुम्हीच तर लिहून घेतलं होतंत."

तिने संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला. सुताराच्या नोंदीत ठळक अक्षरं होती: ॲलर्जी: नाही. तिने लिहिलेलं वाक्य मात्र तिला शब्दन् शब्द आठवत होतं. 'पेनिसिलिन देऊ नये, घसा सुजून श्वास अडकला होता.' त्याचा मागमूसही नव्हता.

डॉक्टरांकडून औषध बदलून घेतल्यावर तिने ॲलर्जी असलेल्यांच्या आठवतील तेवढ्या नोंदी उघडल्या. एका शिक्षिकेची, एका जुळ्यांच्या आईची, शेजारच्या आजोबांची. सगळीकडे 'नाही'.

दुपारी प्रोग्रामरला बोलावलं गेलं. व्यवस्थापकाच्या खोलीत सिस्टरसमोर तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"नऊ दिवसांपूर्वी नवी आवृत्ती बसवली," तो म्हणाला. "आधी या रकान्यात हवं ते लिहिता यायचं. आता फक्त हो किंवा नाही. जुनी वाक्यं त्यात बसेनात, म्हणून प्रोग्रामने तिथे आपोआप 'नाही' भरलं."

"आपोआप?" सिस्टर म्हणाली. "माहीत नसेल तर गप्प बसावं, एवढीही अक्कल नाही त्याला?"

"'माहीत नाही' असा तिसरा पर्याय ठेवला होता मी." त्याने व्यवस्थापकाकडे पाहिलं. "काढायला सांगितला."

"फॉर्म सुटसुटीत हवा होता," व्यवस्थापक म्हणाले. "आणि चाचणीत सगळं ठीक चाललं होतं."

"चाचणीत सगळे पेशंट नवे होते, साहेब. वर्षानुवर्षांच्या जुन्या नोंदींपैकी एकही आपण उघडून पाहिली नाही."

व्यवस्थापकांनी एक कागद पुढे सरकवला. "झालं ते झालं. वर कळवताना 'माहिती भरताना झालेली चूक' असं लिहू. सिस्टर, इथे सही करा."

तिने कागद उलटा करून टेबलावर आपटला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी! तो माणूस बोलला म्हणून वाचला. ज्यांना बोलता येत नाही त्यांचं काय? तान्ह्या बाळाने सांगायचं का तुम्हाला? आणि सही कुणाची, तर माझी!"

"आवाज खाली, सिस्टर."

"नाही होणार खाली."

प्रोग्रामरने लॅपटॉप उघडला. आवृत्ती बदलण्याच्या आदल्या दिवशीची प्रत त्याने जपून ठेवली होती. ती आणि आजची माहिती त्याने शेजारी शेजारी लावून पाहिली. त्यात पाऊण तास गेला.

"तीनशे बारा वाक्यं सापडली. सगळी परत आणतो," तो शेवटी म्हणाला. मग छपाईयंत्रातून निघालेला कागद त्याने धरून ठेवला. "या पेशंटपैकी चौदा जण या नऊ दिवसांत येऊन गेलेत."

व्यवस्थापकांनी हात पुढे केला. त्याआधीच तिने कागद ओढून घेतला होता.

"बघू दे, कुणी काय दिलंय ते."

नाव, फोन नंबर, तारीख, औषध. शेवटचा रकाना औषध देऊन नोंद करणाऱ्याचा होता. तिचं बोट त्यावरून खाली जात राहिलं आणि हळूहळू मंदावलं. चौदांपैकी अकरा ठिकाणी तिचंच नाव होतं.

पूर्वी कागदी फायली होत्या तेव्हा ती प्रत्येकाला विचारायची. कुठल्या औषधाचा त्रास होतो का? दंडाला कापूस लावता लावता, सवयीने. पडद्यावर उत्तर आयतं दिसू लागल्यापासून तिने ते विचारणं कधी सोडलं, तिला आठवेना.

"काय झालं?" व्यवस्थापकांनी विचारलं.

त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढून तिने पहिला नंबर फिरवला.

"दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. परवा तुमच्या सासूबाईंना इंजेक्शन दिलं ना, ते मी दिलं होतं. बऱ्या आहेत ना त्या?"

"थांबा, बघते उठल्यात का," पलीकडून सून म्हणाली. "परवापासून जरा पडूनच आहेत."

रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि पावलं आत गेली.